शेवटच्या नळाचा गोमा

फार वर्षं झाली. इतकी, की आपल्याला ही गोष्ट सांगणाऱ्यांनीही ती कुणाकडून तरी ऐकलेली होती. परदेशातली मोठी लढाई संपली आणि खोणपाडे गावाच्या माळावर सोल्जरांच्या बराकी होत्या, त्या ओस पडल्या. मग त्या बराकींत कुटुंबं राहायला आली. कुणी कारखान्यात कामाला होते, कुणी शहरात कचेरीत जात. थोड्याच वर्षांत बराकी पाडून तिथे कौलारू घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. गाव त्या वस्तीला कॉलनी म्हणू लागलं.

कॉलनीत सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. पाणी गावाच्या तळ्यात होतं. तळ्याची राखण गोमा भोईर करायचा. त्याचा आजा तळ्यातला गाळ काढायचा, बाप शेवाळ काढायचा, आणि गोमा काठावर बसून नुसतं पाण्याकडे बघायचा. पाण्याकडे बघूनच त्याला कळायचं, आज तळ्यातून किती हंडे गेले. असं म्हणतात.

पुढे सरकारने पाणीपुरवठा मंडळ काढलं. टेकडीवर टाकी बांधली, तळ्यावर पंप बसवला, जमिनीत नळ पुरले. तळं मंडळाला द्यायचं आणि त्याबदल्यात गावठाणातही नळ यायचे, असं ठरलं. उद्घाटनाला मंडळाचे अष्टपुत्रे साहेब आले. त्यांनी पुरुषभर उंचीची लोखंडी चावी गोमाच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बोल गोमा, पाणी आधी कुणीकडे सोडायचं?"

आता खोणपाड्याची रीत अशी होती, की दारी पाहुणा आला तर तो पाणी पिईपर्यंत घरातलं कुणी माठाला हात लावत नसे. तान्ह्या मुलाची आईसुद्धा थांबायची. गोमाने तळ्याकडे तोंड केलं, हात जोडले आणि म्हणाला, "कॉलनीवाले आमचे पाव्हणे. पाव्हणा आधी. आमी मागनं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गावाच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मंडळाच्या कारकुनाने ते वाक्य जसंच्या तसं ठरावात लिहिलं आणि खाली गोमाचा अंगठा घेतला. त्या दिवशी कुणालाच त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

गोमा चावीवाला झाला. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. एका गल्लीची चावी उघडली की तो विडी पेटवायचा, विडी संपली की चावी बंद. एका गल्लीला एक विडी. कॉलनीतली मुलं ओरडायची, "गोमाकाका, जरा हळू ओढा ना!" आणि खरंच, कुणाकडे लग्नकार्य असलं की गोमाची विडी लवकर संपतच नसे.

चावीच्या दांड्याला कान लावला की त्याला जमिनीखालचं पाणी ऐकू यायचं. कोण भांडी घासतंय, कुणाचा नळ उघडा राहिलाय, कुठल्या घरात बाळाला न्हाऊ घालतायत, सगळं. एकदा त्याने पहिल्या गल्लीतल्या लिमये काकूंना रस्त्यावरूनच सांगितलं, "काकू, तुमच्या न्हाणीघरात उंदीर पडलाय बादलीत." काकू धावत गेल्या. उंदीर होता! असं म्हणतात.

सगळ्यात शेवटचा नळ गावठाणाच्या टोकाला होता. तिथे गोमाची थोरली बहीण पोशीबाय राहायची. पहिल्या वर्षी तिच्या दारात सकाळी आठला पाणी यायचं. मग कॉलनीत नवी गल्ली झाली, पाणी नऊला आलं. आणखी दोन गल्ल्या झाल्या, अकराला आलं. गोमा विड्या अर्ध्या तोडून ओढायला लागला. तरी एका वर्षी पोशीबायच्या दारात पाणी दिवेलागणीला पोचलं. तेही करंगळीएवढं.

पोशीबाय गोमाला म्हणाली, "काय रे गोमा, पाव्हणा किती दिस राहतो?"

गोमाने हातातली अर्धी विडी विझवली. पोशीबाय पुढे म्हणाली,

"पंधरा वरसं झाली. पाव्हण्याला नातवंडं झाली. आता त्याला म्हनावं, बाबा, ऊठ, माठाजवळ आमालापन येऊ दे."

गोमा दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कचेरीत गेला. अष्टपुत्रे साहेबांचे केस तोवर पांढरे झाले होते. गोमा म्हणाला, "साहेब, एवढंच लिवा, का पाव्हणा आता घरचा झाला."

साहेब म्हणाले, "मी लिहून कसं चालेल? ठराव आहे तो. बदलायचा तर सभेचं मत घ्यावं लागेल."

सभा भरली. कॉलनीची चारशे घरं झाली होती, गावठाणाची साठच होती. ठराव आहे तसाच राहावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत, असं साहेबांनी म्हटलं. कॉलनीतले हात वर गेले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ज्याला त्याला आपल्या घरची बादली दिसत होती. लिमये काकूंनीही हात वर केला. वर केल्यावर त्यांनी गोमाकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

गावातली पोरं म्हणाली, "चावी तुझ्या हातात हाय, गोमाकाका. उलटी फिरव. आधी आपल्याला सोड."

गोमा म्हणाला, "तळ्यासमोर शब्द दिलाय मी. तो मला उलटा फिरवता येत नाय." मग म्हणाला, "पन शब्द माझा होता. तहान गावाला कशापायी?"

त्या दिवसापासून गोमाने ठरवलं, की गावठाणातलं शेवटचं घर पाणी पिईपर्यंत आपणही प्यायचं नाही. त्याने हे कुणाला ओरडून सांगितलं नाही. कुणी तांब्या पुढे केला तर तो म्हणायचा, "शेवटलं घर राहिलंय अजून." कॉलनीला वाटायचं, म्हातारा फार संकोची आहे.

मग तो वैशाख आला. तळं एवढं आटलं की पंपाच्या तोंडाशी चिखल दिसायला लागला. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी पोशीबायच्या नळाला थेंब आला नाही. गोमा प्यायला नाही. अक्षय्य तृतीयेला कॉलनीतल्या बायकांनी पाण्याचे घडे दान केले. एक घडा गोमापुढेही ठेवला. गोमाने घड्याला हात जोडले आणि तो उचलून गावठाणातल्या एका बाळंतिणीच्या दारात ठेवून आला. पोशीबायचा नळ त्या दिवशीही कोरडाच राहिला.

तिसऱ्या दिवशी लिमये काकूंनी त्याला जवळून पाहिलं. ओठ फुटून काळे पडले होते. विडी तोंडात होती, पण ती पेटवलेली नव्हती. काकूंनी विचारलं, "गोमा, पाणी कधी प्यायलास?"

गोमाने नुसतं गावठाणाकडे बोट केलं.

काकूंना सगळं एकदम उमगलं. त्यांनी आपला नळ बंद केला. चपला न घालता त्या गल्लोगल्ली धावल्या, "नळ बंद करा! पाणी खाली जाऊ द्या! तो मरतोय!" काहींनी बंद केले. काही म्हणाले, "हो, एवढी बादली भरू दे." काहींनी दार उघडलंच नाही.

गोमाने गावठाणाची चावी उघडली. दांड्याला कान लावून तो उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं. बराच वेळ गेला, आणि मग तो म्हणाला, "निघालं." एवढाच एक शब्द.

तिकडे पोशीबायचा नळ खोकला, गाळ ओकला आणि मग धो धो वाहू लागला. तिने आधी शेजारणीची कळशी लावली, मग स्वतः दोन घोट प्यायली. कारण तिला भावाची आण ठाऊक होती. तांब्या भरून ती धावत निघाली. वाटेत तिने पदराने तांब्याचं तोंड झाकून घेतलं होतं, एक थेंब सांडू नये म्हणून.

गोमा चावीला टेकून उभा होता. कान दांड्याला होता. ती म्हणाली, "गोमा, आलं रे. मी प्याले. आता तू पी."

गोमा बोलला नाही. त्याची बोटं चावीवरून सुटेनात. ती सोडवायला चार माणसं लागली.

पोशीबायचा नळ मात्र थांबला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो वाहत होता. साठ घरांचे हंडे, पिंपं, पातेली, परड्यातल्या गुरांच्या दगडी डोण्या, सगळं भरलं. मंडळाचा माणूस टाकी बघायला टेकडीवर गेला. टाकीचा तळ कोरडा होता. त्याला भेगा पडल्या होत्या आणि त्यांत मुंग्या फिरत होत्या. असं म्हणतात.

ठराव पुढल्या महिन्यात बदलला. तेव्हा एकही हात विरोधात वर गेला नाही. पोशीबाय त्या सभेला गेली नव्हती.

आता तळं नाही. त्यावर भराव टाकून इमारती झाल्या. पाणी लांबच्या धरणातून येतं. पोशीबायचं घरही गेलं. तिचा नळ एका कंपाउंडच्या भिंतीला लागून अजून आहे. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी खोणपाड्यात गोमाची चतुर्थी पाळतात. त्या दिवशी सकाळी कुणी नळ उघडायचा नाही आणि लहान मुलं सोडून कुणी पाणी प्यायचं नाही. एक बाई त्या शेवटच्या नळापाशी उभी राहते. तिथे पाणी आलं की ती हाक देते, "आलं!" ती हाक गल्लीतून गल्लीत, जिन्यातून जिन्यात वर चढत जाते, आणि मग सगळे पितात.

काही घरांत त्या दिवशीही नळाखाली हळूच बादली लावतात. कोण लावतं, ते कुणी बोलून दाखवत नाही. पण पाण्याला तेवढा उशीर होतो, आणि नळापाशी उभ्या असलेल्या बाईला तो कळतो.

चार वर्षांपूर्वी हाक सकाळी नऊला आली होती. गेल्या वर्षी ती दुपारी सव्वादोनला आली.