सांबराने सांगितलेली निवडणूक

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक देखणे सांबर राहत होते. त्याचा आवाज मोठा गोड होता. म्हातारा सिंह वारला, तेव्हा नवा राजा सर्वांनी मिळून निवडायचे ठरले. लांडगा उभा राहिला. त्याच्याविरुद्ध उभे राहायला कोणी धजेना. शेवटी सांबर पुढे झाले. "मी राजा झालो, तर पाणवठा सगळ्यांचा राहील," असे त्याने भर सभेत सांगितले.

हे ऐकून एका सशिणीला फार धीर आला. लांडग्याच्या डोळ्यांदेखत ती बिळाबिळांतून फिरली, भित्र्या सशांची समजूत घातली आणि त्यांना सांबराच्या बाजूला आणले. निवडीच्या दिवशी पाणवठ्यावर जमायचे ठरले. पण आदल्या दिवशी लांडग्याचा हस्तक कोल्हा सांबराकडे येऊन गेला. माघार घेतलीस, तर पलीकडच्या दरीतले हिरवे कुरण आणि तिथला झरा कायमचा तुझा, असा लांडग्याचा निरोप होता. सांबराने कोणाला काही कळवले नाही. ते गुपचूप दरीत उतरले.

पाणवठ्यावर ससे दिवस कलेपर्यंत त्याची वाट पाहत राहिले. समोर कोणीच नसल्यामुळे लांडगा राजा झाला आणि सांबराच्या बाजूने कोण कोण उभे होते, हेही त्याला आयतेच दिसले. त्याने सशांना पाणी बंद केले. त्या उन्हाळ्यात सशिणीची पिल्ले तहानेने तडफडून मेली.

मुलांनो, पुढे सांबर म्हातारे झाले. दरीतली पाडसे आणि पोपट भोवती बसवून ते आपल्या निवडणुकीची हकिकत सांगू लागले. आपल्या सभांना केवढी गर्दी व्हायची, आपल्या नावाने डोंगर कसे दुमदुमायचे, हे ते रंगवून सांगे. एका पाडसाने विचारले, "मग तुम्ही माघार का घेतलीत, आजोबा?"

सांबर गंभीर झाले. "रक्तपात टळावा म्हणून. शिवाय लहान प्राणी लढायला तयार नव्हते रे. एकट्याने काय करणार?"

झऱ्यावर चोरून पाणी प्यायला आलेल्या सशिणीने हे ऐकले. ती पुढे आली आणि म्हणाली, "आम्ही तयार होतो, दादा. पाणवठ्यावर तुमची वाट बघत होतो."

सांबराने तिच्याकडे निरखून पाहिले. त्याला तिची ओळख पटली नाही. गोष्टीत मध्येच बोलू नये, असे पाडसांनी तिला बजावले आणि सांबराने पुढची सभा सांगायला घेतली. पोपटांनी ती हकिकत तोंडपाठ केली. आज साऱ्या जंगलात तीच सांगितली जाते. त्यात सशिणीचे नाव कुठेही नाही.

तात्पर्य : रण सोडून सुखरूप परतलेल्यालाच आपली कहाणी सांगायला उसंत मिळते, म्हणून ती ऐकताना, त्याच्या भरवशावर उभे राहिलेल्यांचे पुढे काय झाले, हे आधी विचारावे.