पदराशी बगळा

"...पण बुवा, मला कळणार तरी कसं?"

वामनचा आवाज चिरकला. परवा तो दिवसभर गावतळ्यावर चित्र काढत बसला होता. समोरच्या काठाला, अगदी खालच्या पायरीवर, एक बाई बसली होती. काल सकाळी ती त्याच तळ्यात तरंगताना सापडली. कुठली, कोणाची, कुणालाच सांगता येईना.

आपल्याला ते आधीच कळायला हवं होतं का, हा प्रश्न तेव्हापासून त्याची पाठ सोडत नव्हता. आणि इथे तो आला होता तो, खरं सांगायचं तर, आपली सुटका करून घ्यायला.

"हे चित्रच पाहा ना." त्याने कागद पुढे ठेवला. "यात कुठं दुःख दिसतंय?"

त्याच्या हातात पहिला कुंचला बुवांनीच दिला होता. आता रंग सोडून ते ओढ्याकाठच्या मठीत एकटेच राहत. त्यांनी चित्र मांडीवर घेतलं.

करडं, निवांत पाणी. पायरीवर पाठमोरी बाई. तिच्याभोवती पांढरे बगळे, त्यातला एक तर पार पदराशी. पाहणाऱ्याचा जीव निवावा असं चित्र. इतकं चांगलं वामनला आजवर जमलं नव्हतं, आणि जिवाची एवढी तगमग होत असतानाही हे तो विसरला नव्हता.

"बगळे मनाने बसवलेस?"

"छे! एकही नाही." वामन दुखावला. "होते तसेच काढले."

बुवांनी चित्र मांडीवरून खाली ठेवलं.

बुवा उठले. बाहेर पडून ओढ्याकडे चालू लागले, सावकाश. पाण्यात चार-दोन बगळे उभे होते. बुवा निम्म्या वाटेवरही पोचले नव्हते, तोच सगळे उडाले.

बुवा परत येऊन बसले.

वामन चित्रातल्या त्या पदराजवळच्या बगळ्याकडे पाहत राहिला. माणूस किती वेळ, किती निपचित बसलं, म्हणजे बगळ्याला त्याची भीती वाटेनाशी होते?...

"मी... मी खूश झालो होतो, बुवा," तो कसाबसा म्हणाला. "मनात म्हणत होतो, हलू नकोस बाई, अजून थोडा वेळ..."

त्याने कागद उचलला, दोन्ही हातांनी धरला, फाडायला.

बुवांनी त्याचं मनगट पकडलं.

"राहू दे. दिवसभर तिच्याकडे पाहणारं दुसरं कुणी नव्हतं."