मरणाचा चालू वर्तमानकाळ

"मग मरण्याचं काय, गुरुजी? मरण तर एका क्षणात येतं. त्याला चालू वर्तमानकाळ लागतोच कसा?"

निरंजन राऊळने प्रश्न टाकला आणि तो वाट पाहत राहिला.

केळुसकर गुरुजी ओटीवरच्या खाटेशी बसून पत्नीला चमच्याने पेज भरवत होते. सावंतवाडीच्या दोन पिढ्या त्यांच्याकडे इंग्रजी शिकल्या होत्या. त्यांत निरंजन सर्वांत हुशार. आता कोल्हापुरात त्याचे क्लास होते, आणि त्याचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक छापायला निघालं होतं. त्यासाठी गुरुजींचे दोन शब्द हवेत, म्हणून तो आला होता.

अंगणातच गुरुजींनी त्याला सांगितलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले, हिला घरी आणलंय. निरंजन "अरेरे" म्हणाला होता, आणि ओटीवर टेकताच पुस्तकाविषयी बोलू लागला होता.

गुरुजींनी पंच्याने काकूंची हनुवटी पुसली. पुढचा चमचा भरला.

…

गुरुजी अडले, असं निरंजनला वाटलं. त्याला आणखी चेव आला. जे या घडीला चाललेलं आहे, त्याचा हा काळ, हे त्याने गुरुजींनाच समजावून सांगितलं. मुलगा खेळतोय. पाणी उकळतंय. ही कामं चालू असतात. पण बल्ब फुटतो, तो काही फुटत बसत नाही. माणसाचंही तसंच. आत्ता होता, आत्ता नाही. तरी इंग्रज बिनदिक्कत म्हणतो,

"शी इज डाइंग."

वाक्य बोलून झालं, आणि मग त्याला ते ऐकू आलं.

काकूंनी डोळे उघडले होते. इंग्रजीच्या मास्तरांच्या घरात त्यांनी जन्म काढला होता. तेवढं इंग्रजी त्यांना कळत होतं.

…

त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग ओळख पटली. शाळेच्या दिवसांत दुपारचा तो याच घरात जेवायचा.

"निरंजन ना रे तू?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. "जेवलंस?"

निरंजनची मान खाली गेली.

गुरुजींनी पेजेची वाटी खाली ठेवली.

"जरा हात धर हिचा."

त्याने धरला. हाताला वजन असं नव्हतंच. बोटं त्याच्या बोटांभोवती मिटायची, सैल पडायची, पुन्हा मिटायची. श्वास आत जायचा आणि तिथेच थांबायचा. निरंजनही श्वास रोखून धरायचा. मग काकूंचा श्वास बाहेर यायचा… आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

काकूंची नजर अजून त्याच्यावरच होती. तिच्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

शेवटी त्याला ते सोसवेना. त्याने हात सोडला आणि वाकून गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं.

"चुकलो, गुरुजी."

काकूंचा हात गोधडीवर चाचपडत त्याचा हात शोधत होता. गुरुजी त्या हाताकडे पाहत होते.

"काळ चुकला, निरंजन. 'चुकतोय' म्हण."