जेठीमावशीचा दुसरा इशारा

डोंगर संपून वाळू सुरू होते अशा एका जागी, फार फार वर्षांपूर्वी, एक गाव होतं. गावाला नदी होती, पण तिच्यात पाणी नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा तिला कधी वाहताना पाहिलं नव्हतं. तिचं पात्र रुंद आणि सपाट होतं. दोन्ही बाजूंच्या उंच काठांमुळे तिथे वाऱ्याचा त्रास नसे, आणि थोडं खणलं की प्यायला पाणी लागे. म्हणून लोकांनी हळूहळू पात्रातच घरं बांधली. खेता नावाच्या कुंभाराने तर मडकी भाजायचा आवाही तिथेच लावला होता, कारण माती हाताशी होती.

गावात जेठी नावाची एक बाई राहायची. नवरा गेल्यापासून उंट चारून ती पोट भरायची. सगळे तिला मावशी म्हणत. उंटांमागे ती दूर डोंगरावर जायची आणि तिथून तिला गावातून न दिसणारं आभाळ दिसायचं. एकदा दुसऱ्या एका खोऱ्यात तिने कोरडा ओढा बघता बघता भरताना पाहिला होता. तिचे दोन उंट त्यात वाहून गेले होते. उन्हाने दगडासारखी झालेली जमीन पाणी पीत नाही, पडलेला सगळा पाऊस खाली धावतो, हे तिला तेव्हा कळलं. तिच्याच सांगण्यावरून गावाच्या मुखियाने टेकडीवर एक नगारा ठेवला होता.

एका दुपारी जेठीला डोंगरापलीकडे काळेभोर ढग दिसले. तिने धावत येऊन नगारा वाजवला. सगळं गाव पोरांबाळांसकट टेकडीवर चढलं आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिलं. पण पाऊस पलीकडच्या बाजूला पडून गेला. नदीत थेंबही आला नाही.

खाली आल्यावर खेताने पाहिलं, तर त्याचा आवा मधेच विझला होता. अर्धी मडकी कच्ची राहिली होती, बाकीची तडकली होती.

"दोन महिन्यांची मेहनत मातीत गेली, मावशी!" तो ओरडला. "कशासाठी? एका ढगासाठी?"

लोकांची कुरकुर ऐकून मुखियाही वैतागला. त्याने नगारा टेकडीवरून उतरवून आपल्या घरात ठेवला आणि सांगितलं, "यापुढे मला विचारल्याशिवाय वाजवायचा नाही." त्या दिवसापासून पाण्यावर आलेल्या बाया जेठीला बघून हसू लागल्या. कोणी तिला 'ढगवाली' म्हणू लागलं. ती आपली मान खाली घालून घागर भरायची आणि निघून जायची.

वर्ष गेलं. पुन्हा एका दुपारी ती डोंगरावर होती. समोरच्या शिखरांवर ढग येऊन थांबले होते. वारा एकदम गार झाला. त्याला ओल्या मातीचा वास होता.

जेठी एका दगडावर बसली. मागच्या वर्षीही ढग असेच होते. वाराही असाच होता. आज पुन्हा चुकले तर गावात कोणी दारात उभं करणार नाही, असं तिला वाटलं. गप्प राहिलं तर कोणाला कळणारही नाही, की तिने काही पाहिलं होतं.

मग तिने खाली पाहिलं. गावावर लख्ख ऊन होतं. नदीच्या पात्रात खेताच्या आव्याचा धूर निघत होता. कोणीतरी घरापुढे लुगडं वाळत घालत होतं. एवढ्या दुरून माणसं मुंग्यांएवढी दिसत होती.

जेठी उठली, उंटावर बसली आणि त्याला जोरात पिटाळत गावात आली.

"मुखियाजी, नगारा द्या," ती धापा टाकत म्हणाली.

मुखियाने आभाळाकडे पाहिलं. "इथे तर ढगाचा ठिपकाही नाही. पाणी येणार, याची खात्री आहे तुला?"

"नाही," जेठी म्हणाली. "मला खात्री होईल तेव्हा पाणी आपल्या दारात असेल."

"आणि नाही आलं तर?"

"तर संध्याकाळी खाली येऊ. मग हव्या तेवढ्या शिव्या द्या. मी बसून ऐकेन."

मुखियाने तिच्याकडे पाहिलं. एवढी चेष्टा सोसलेली बाई पुन्हा चेष्टा ओढवून घ्यायला आली होती. तो आत गेला, नगारा बाहेर आणला आणि स्वतःच वाजवू लागला.

लोक बडबडत का होईना, पण निघाले. कोणी शेळ्या घेतल्या, कोणी म्हातारीला पाठीवर घेतलं. खेता मात्र आव्याजवळून हलेना.

"मी आज सकाळीच आवा पेटवलाय," तो म्हणाला. "मागच्या वेळी तुझं ऐकलं आणि बुडालो. आता नाही."

जेठीने उंटाची दोरी मुखियाच्या हातात दिली आणि ती आव्याजवळ वाळूत बसली.

"हे काय, मावशी?"

"तू येत नाहीस, तर मीही बसते. तुला एकट्याला सोडून वर जाऊन मला घास गोड लागेल का?"

खेता चिडला. त्याने दोन लाकडं आगीत फेकली. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. ती खरंच बसून होती. "ऊठ बाई, ऊठ!" तो शेवटी म्हणाला. "तुझं पाप माझ्या डोक्यावर नको." आणि तिचा हात धरून तो टेकडीकडे निघाला.

ती दोघं अर्ध्या चढावर असताना दगडगोटे गडगडल्यासारखा आवाज आला. नदीच्या वळणावरून तपकिरी पाण्याची भिंतच आली. तिच्यात झाडं होती, फांद्या होत्या, फेस होता. वर आभाळ निळंशार होतं आणि खाली नदी वाहत होती. पाणी आव्याला लागताच वाफेचा मोठा लोट उठला आणि आवा दिसेनासा झाला. एकामागून एक घरं गेली.

टेकडीवर मुखियाने माणसं मोजली. एकशे बारा. पुन्हा मोजली. एकशे बाराच. एकही कमी नव्हतं.

"नगारा मी घरात ठेवला, ही माझी चूक झाली," तो सगळ्यांसमोर जेठीला म्हणाला. खेताने आपल्या पागोट्याने तिच्या पायावरची वाळू पुसली.

पाणी ओसरल्यावर लोकांनी नवी घरं काठावर, उंच जागी बांधली. खेता आता खालून माती डोक्यावर वाहून आणू लागला, पण त्याचा आवा वरच पेटत होता. खाली पात्रात लोकांनी दुधीभोपळ्याचे आणि कलिंगडाचे वेल लावले, कारण पुराने चांगला गाळ आणून टाकला होता. नगारा पुन्हा टेकडीवर गेला आणि तो कोणीही वाजवावा असं ठरलं. ढग दिसले की खाली राबणारी माणसं वर येत, भाकऱ्या बांधून टेकडीवर बसत. पुढच्या काही वर्षांत नगारा पाच वेळा वाजला. पाणी एकदाच आलं.

अशाच एका कोरड्या दिवशी एक परका व्यापारी तिथून चालला होता. सगळं गाव टेकडीवर जेवत बसलेलं पाहून त्याने कारण विचारलं. ते ऐकल्यावर तो हसू लागला.

"म्हणजे पाणी आलंच नाही! फुकटच चढलात की सगळे!"

खेताने सरकून त्याला बसायला जागा केली आणि आपली अर्धी भाकरी त्याच्या हातात दिली.

"फुकट कसं?" तो म्हणाला. "सगळे वर आहेत ना?"

तात्पर्य एवढंच: संकट आलं नाही म्हणून सावध करणारा खोटा ठरत नाही. त्याचं तोंड बंद केलं, तर खरं संकट येईल तेव्हा सांगायला कोणी उरणार नाही.