उपरण्याखालचा सौदा

फार पूर्वी, गलबतं वाऱ्याच्या भरवशावर चालायची आणि माणसं अब्रूच्या, तेव्हाची ही गोष्ट आहे. समुद्रकाठी एका गावात एक सुतार राहत होता. त्याचं नाव धाकू. गलबतं बांधण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पण बोलायच्या नावाने शंख! लाकडाशी दिवसभर पुटपुटेल, आणि माणूस समोर आला की टाळा लागलाच तोंडाला. त्याची बायको भागू नेमकी उलटी. भागूच्या जिभेला हाड नाही, असं शेजारणी म्हणायच्या, आणि काही अडलं की सल्ला विचारायला तिच्याच दारात येऊन बसायच्या.

या गावाची एक रीत होती. सौदा कुठलाही असो, तो तोंडाने करायचा नाही. दोघांनी हातात हात द्यायचा, वर उपरणं टाकायचं आणि आतल्या आत बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच, मूठ आवळली की सौदा पक्का. रीत मूळची बैलबाजारातली. तिथे ती ठीकच होती, कारण बाजारात आजूबाजूची गिऱ्हाइकं कान टवकारून उभी असतात. पण आमच्या या शहाण्यांनी ती बाजारातून उचलली आणि घरादारात आणली. मासळी उपरण्याखाली, नांगर उपरण्याखाली, आणि माणसाची मजुरीसुद्धा उपरण्याखालीच. तोंड उघडून पैसे मागणं हे भिकारलक्षण, असं ठरून गेलं होतं. कुणी ठरवलं म्हणाल, तर ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका वर्षी गावचा मोठा व्यापारी आपला धंदा उचलून दुसऱ्या बंदरी गेला. नवी गलबतं कोण बांधून घेणार? धाकूची तासणी खुंटीला लागली. घरात म्हातारा बाप, दोन लहान पोरं. भागू भाताची पेज करायची, आणि रोज ती जरा जास्त पातळ व्हायची.

अशात मिरीबेटाहून एक जहाज आलं. मिरीबेट म्हणजे समुद्रापलीकडचं एक श्रीमंत राज्य. जहाजातून राजाचा कारभारी उतरला आणि देवळासमोरच्या पारावर गादी टाकून बसला. राजाला नवं आरमार बांधायचं होतं, तीन वर्षांचं काम होतं आणि त्याला चांगले सुतार हवे होते. धाकूचं नाव त्याने आधीच ऐकलेलं. उद्या सकाळी ये, हातात हात देऊ आणि सौदा करू, असा त्याने निरोप धाडला.

गावात एकच चर्चा झाली. धाकूचं नशीब उघडलं म्हणाले लोक. सोनू लोहार नाही का गेला होता मिरीबेटाला? आता कसा रेशमी पागोटं बांधून हिंडतो! तिथे म्हणे रस्त्यावर मिरी सांडलेली असते आणि कोंबड्या ती टिपतात. सोनू सांगायचा आणि गाव तोंडाचा आ करून ऐकायचं.

भागूने मात्र दोन गोष्टी पाहून ठेवल्या होत्या. सोनूच्या डोक्यावर रेशमी पागोटं होतं, पण त्याच्या बायकोच्या लुगड्याला ठिगळ होतं. आणि सोनू तीन वर्षांसाठी म्हणून गेला होता, तो परतला सात वर्षांनी. ती विळा घेऊन त्याच्या भट्टीवर गेली. विळ्याला धार लावून घेता घेता तिने मिरीबेटाची चौकशी केली. सोनूने कोंबड्यांपासून सुरुवात केली. भागूने थोडा वेळ ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "भावजी, आमचे हे उद्या हात देणार आहेत. तुमच्या पागोट्यापायी माझी पोरं बापाला मुकली, तर ते पाप कुणाच्या माथी?"

सोनूने हातोडा खाली ठेवला. आणि मग तो सगळं भडाभडा बोलला. उपरण्याखाली कारभाऱ्याने दोनदा पंजा दाबला होता. सोनूला वाटलं, महिन्याला दहा होन. निघाले वर्षाला दहा. त्यातून तांदळाचे कापले, झोपडीचे कापले, ताप आला त्या दिवसांचेही कापले. तीन वर्षं संपल्यावर कारभारी म्हणाला, खुशाल जा की घरी, जहाजाचं भाडं तेवढं भर. ते भाडं साठवता साठवता आणखी चार वर्षं गेली. कारभाऱ्याशी भांडावं, तर कशाच्या जोरावर? आत काय ठरलं ते तो एक सांगायचा, सोनू एक सांगायचा, आणि तिसऱ्या कुणी ते ऐकलेलंच नव्हतं. पागोटं त्याने उतरायच्या आदल्या बंदरावर शेवटच्या पैशांतून घेतलं होतं. रिकाम्या हातांनी गावात कसं यायचं?

बघा म्हणजे! जाताना लाजेपायी तोंड उघडलं नाही, आणि आल्यावर अब्रूपायी उघडलं नाही. अशाने मागून येणाऱ्यालाही ठेच लागायची ती लागणारच. मागचा शहाणा होतो म्हणतात, पण पुढच्याने ठेच लागल्याचं सांगायला तर हवं ना!

भागूने घरी येऊन धाकूला सगळं सांगितलं. धाकू घाबरला आणि म्हणाला, मग मी जातच नाही. भागू म्हणाली, न जाऊन खायचं काय? जायचं, पण सगळं विचारून, ठरवून जायचं. धाकू म्हणाला, चारचौघांत पैशांचं बोलायचं? लोक काय म्हणतील? त्यावर भागू जे बोलली, ते लहान मुलांच्या गोष्टीत सांगण्यासारखं नाही.

शेवटी धाकूच्या म्हाताऱ्या बापाने तोड काढली. तो पाटावर ऐटीत मांडी घालून बसला आणि म्हणाला, मी कारभारी, माग काय मागायचं ते. धाकू म्हणाला, "पगार..." आणि अडकला. पोरं खिदळली. पुन्हा सुरुवात झाली. संध्याकाळपर्यंत धाकूला घाम फुटला, पण एकेक वाक्य बाहेर पडायला लागलं. म्हातारा कसलेला होता. नाही म्हणायचा, ओरडायचा, मध्येच उठून जायचा. निजायच्या आधी त्याने लेकाला एकच गोष्ट समजावली. "सगळं मिळत नसतं, पोरा. काय सोडायचं आणि काय जीव गेला तरी सोडायचं नाही, ते घरातून ठरवून निघावं. पारावर ठरवायला बसलास की संपलं."

सकाळी सगळा गाव पाराभोवती जमला. गावातला दुसरा सुतार, बाळा, तोही आला होता. या दोघांचं कधी पटलं नाही. धाकूने एक भाव सांगितला की बाळाने त्याहून कमी सांगायचा, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. कारभाऱ्याने तोंडभर हसून हात पुढे केला आणि वर जरीचं उपरणं टाकलं.

धाकूने हात दिला नाही. त्याने ते उपरणं उचललं, नीट घडी केली आणि कारभाऱ्याच्या मांडीवर ठेवलं. लोकांत कुजबुज झाली. बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या भागूने पदर मुठीत धरला होता.

"कारभारी," तो म्हणाला, "उपरण्याखाली बैल विकतात. विकलेला बैल काही परत गोठ्यात येत नाही. मला परत यायचंय. तेव्हा आपण तोंडाने बोलू."

कारभाऱ्याचं हसू जरासं सुकलं, पण तो मुरलेला माणूस होता. बोल बाबा, म्हणाला.

मग धाकू बोलला. अडखळत, पण बोलला. पगार महिन्याचा ठरवायचा, बारा होन. शिधा राजाचा, राहायला जागा राजाची, आणि जागा स्वतंत्र हवी. आजारी पडलो तर वैद्य राजाचा आणि त्या दिवसांचा पगार चालू. अर्धा पगार येणाऱ्या प्रत्येक जहाजाबरोबर घरी, भागूच्या हातात. आणि वर्ष भरलं की दोन महिने सुट्टी, जाण्यायेण्याचं भाडं राजाचं. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी कपाळाला हात लावला. एवढं मोठ्याने तर लग्नातही कुणी मागत नाही, म्हणाले.

कारभारी आता चिडला. राजाच्या दारी अटी घालतोस? आजवर इथून जे जे गेले, ते सुखाने परतले, एकाची तक्रार नाही. खोटं वाटत असेल तर विचार तुमच्या त्या लोहाराला, असं म्हणून त्याने गर्दीत पागोटं बांधून उभ्या असलेल्या सोनूकडे बोट दाखवलं.

सगळ्या माना सोनूकडे वळल्या. त्याला नुसती मान डोलवायची होती. मान डोलवली असती तर पागोटं राहिलं असतं, कोंबड्यांच्या गोष्टी राहिल्या असत्या, गावातला मानही राहिला असता. त्याची बायको शेजारीच उभी होती, ठिगळ झाकून. सोनूने तिच्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

"मी फसलो होतो," तो म्हणाला. "वर्षाला दहा होन मिळाले. चार वर्षं नुसती भाड्यासाठी राबलो. लाजेने कुणाला बोललो नाही, ती माझी चूक."

त्याला वाटलं, लोक हसतील. कुणीही हसलं नाही. एक म्हातारा कोळी पुढे आला आणि त्याने सोनूच्या पाठीवर हात ठेवला. या कोळ्याचा भाऊही मिरीबेटाला गेला होता आणि आजवर आला नव्हता. का आला नाही, ते त्याला आता कळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सोनूच्याही.

कारभारी उठून उभा राहिला. "जगात एकटा धाकूच सुतार आहे का?" असं म्हणून तो बाळाकडे वळला आणि त्याने पुन्हा हात पुढे केला. बाळा आता कमी भाव सांगणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बाळा हाताकडे बघत राहिला, मग सोनूकडे, मग धाकूकडे. "मलाही परत यायचंय," तो म्हणाला. "धाकूचं जे म्हणणं, तेच माझं."

आता काय करणार? जहाजाचा तांडेल मघापासून समुद्राकडे बघत उभा होता. त्याने कारभाऱ्याच्या कानाशी लागून सांगितलं की वारा फिरायला आलाय, फार थांबता येणार नाही. आणि सुतार नेल्याशिवाय राजासमोर उभं राहायची कारभाऱ्याची तरी कुठे छाती होती! तो पुन्हा खाली बसला. उपरणं मांडीवरून घसरून पडलं, ते त्याने उचललंही नाही.

मग खरी घासाघीस झाली, उघड्यावर, सगळ्यांदेखत. कारभारी म्हणाला सहा, धाकू म्हणाला अकरा. स्वतंत्र जागेचा हट्ट धाकूने सोडला, बाळाबरोबर एका खोलीत राहीन म्हणाला. बाळाने तोंड वाकडं केलं, पण गप्प बसला. पगार नऊ होनांवर ठरला. सुट्टीचं भाडं तेवढं तुमचं तुम्ही भरा, असं कारभाऱ्याने पुन्हा पुन्हा सुचवून पाहिलं. धाकू प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायचा, ते सोडणार नाही. शेवटी कारभाऱ्याने हात टेकले. ठरलेला शब्द न् शब्द त्याने मोठ्याने म्हणून दाखवला. तांडेलाने आणि सगळ्या गावाने तो ऐकला, आणि मगच धाकूने त्याच्या हातात हात दिला. म्हातारा बाप देवळाच्या भिंतीला टेकून बसला होता. तो शेजाऱ्याला सांगत सुटला, काल मी याहून कडक कारभारी झालो होतो.

धाकू आणि बाळा गेले. पहिलं जहाज आलं तेव्हा तांडेलाने भागूच्या हातात थैली ठेवली. पुढच्या जहाजानेही ठेवली. पेज दाट झाली, मग पेजेचा भात झाला. बाळाच्या घरचीही चूल नीट पेटली. तिकडे राजाच्या आरमाराची पहिली गलबतं पाण्यात उतरली आणि ती इतकी देखणी झाली, की असे सुतार आणल्याबद्दल राजाने कारभाऱ्याला शेला दिला. तो त्याने निमूटपणे घेतला, पारावर आपण त्यांच्याशी किती घासाघीस केली ते काही सांगितलं नाही.

वर्ष भरलं आणि ठरल्याप्रमाणे धाकू बाळासह किनाऱ्यावर उतरला. अंगाने भरला होता. धाकट्या पोराने त्याला ओळखलं नाही, मग ओळखलं आणि मानेला मिठी मारली ती सोडेचना. संध्याकाळी धाकू पारावर बसला. एके काळी ज्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता, त्याने गावाला सगळं सांगितलं. मिळालं किती, उरलं किती, वैद्य कसा आहे, डास किती आहेत, जेवणात नारळ नसतो म्हणून जीव कसा कासावीस होतो. कोंबड्या मिरी टिपत नाहीत, हेही सांगितलं. ऐकणाऱ्यांत जायची इच्छा असलेले चार जण होते. त्यांनी प्रश्न विचारून विचारून त्याला भंडावून सोडलं, आणि त्यांतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा होता सोनू लोहार. त्याला पुन्हा जायचं होतं, या वेळी पगार ठरवून.

दोन महिने भुर्रकन उडाले. जहाज आलं. भागूने फोडणी घातलेल्या नारळाच्या चटणीचं मडकं बांधून दिलं आणि किनाऱ्यापर्यंत पोचवायला गेली. मागच्या वेळी ती इथेच वाळूत बसून रडली होती. शेजारीण म्हणाली, यंदा डोळे कोरडे कसे गं? भागू हसली.

"परत येणारा माणूस चाललाय," ती म्हणाली. "त्याला रडत कशाला पाठवू?"

तात्पर्य काय, तर आपल्या कष्टाचं मोल आणि घरी परतायची वाट या दोन गोष्टी निघण्याआधी, चारचौघांत, तोंडाने बोलून ठरवाव्यात. आणि ठेच लागली असेल, तर मागून येणाऱ्याला दगड दाखवावा. त्यात अब्रू जात नाही, उलट वाढते.