माडबंदरच्या छतातला पांढरा पट्टा

पाहुणे, एक विचारू? छत टिकेल अशी शपथ घेणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवाल, की त्याच छताखाली स्वतः जाऊन उभा राहणाऱ्यावर? या चर्चसमोर माझं दुकान आहे. शपथा रोज ऐकतो, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे.

आता मान वर करा. वेदीवरची ही कमान बघा. ना तुळई, ना खांब. नुसता दगड आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुना. तो मधला पट्टा बाकीच्यापेक्षा पांढरा दिसतो ना, त्याची ही गोष्ट.

बस्त्याव गवंड्याने हे काम धरलं ते साल दुष्काळाचं होतं, असं सांगतात. शिंपल्या खाडीतल्या, त्या गोड्या पाण्यात धुऊन मग भाजायच्या. मीठ राहिलं तर चुन्याचा आतून भुगा होतो. आणि विहिरी तर तळाला गेलेल्या. तेव्हा गावाने नवस केला, की प्रत्येक घर पिण्याच्या पाण्यातली एक कळशी रोज चर्चला देईल. कमानीचा एकेक पट्टा एकेका आळीच्या पाण्याचा. पोरं तहानेने रडत, तरी कळशी जायची म्हणे.

छत पुरं झालं. आता खालचा लाकडी आधार काढायचा. बस्त्याव जाऊन मधोमध उभा राहिला; गवंड्यांची रीतच ती. फादर म्हणाले, "बाबा, बाजूला हो."

"मी बाजूला झालो, तर उद्या इथे मिस्सेच्या प्रार्थनेला कोण बसेल, फादर?"

हे ऐकून एकेक घर आत आलं आणि आपापल्या आळीच्या पट्ट्याखाली उभं राहिलं. मिठागरवाल्या अंतोनची बायको रेजिनही. अंतोन मात्र दारातच.

"रेजिन, बाहेर ये."

"का? पाणी आपणही दिलंय ना?"

"दिलंय. तू ये आधी."

"देवाच्या घरात तरी हुकूम सोडू नका," ती म्हणाली. बायका हसल्या.

सुताराने आधाराच्या पहिल्या पाचरीवर हातोडा उगारला, तसा अंतोन धावत आला आणि पाचरीवर हात ठेवून उभा राहिला.

"गोडं नव्हतं," तो म्हणाला. "गोडं बैलांसाठी राखलं. कळशी मी खाडीवर भरायचो."

बस्त्याव वर चढला, अंतोनच्या आळीच्या पट्ट्याच्या सांध्यात बोट घातलं. चुना राखेसारखा झरला.

पट्टा उकलून नव्या चुन्याने पुन्हा घातला; तोच हा पांढरा. त्याचं सगळं पाणी अंतोनने डोंगरातल्या झऱ्यावरून खांद्यावर वाहिलं. रेजिन प्रत्येक कळशीतला घोट आधी पिऊन बघायची, मगच कळशी पुढे जायची. मग आधार निघाला. गाव पुन्हा खाली उभा. पडली ती फक्त धूळ. म्हणे सगळ्यांच्या माना वर गेल्या. एवढा डोंगर डोक्यावर अधांतरी थांबला होता, आणि तो त्यांच्याच तहानेवर उभा होता.

आजही सणाच्या आधी भिंतींना चुना द्यायला घराघरातून कळशी येते, आणि आणणारा सगळ्यांसमोर त्यातला एक घोट पितो. तुम्हीही या. किती आणलंत, ते इथे कोणी विचारत नाही. कुठलं आणलंत, तो हिशेब मात्र तुमचा तुम्ही खरा ठेवा.