बर्फाखालचं बिऱ्हाड

फार फार वर्षांपूर्वी हिमालयातल्या एका उंच उतारावर, बर्फाखालच्या उबदार मातीत बुरशीकाकी आपल्या लाखो सूक्ष्मजीवांसह राहत असे. हिवाळाभर ते सगळे कुजकी पानं खात.

शेजारच्या गवताच्या मुळाला ते बघवेना. "माझ्या वाट्याचं सगळं तुम्हीच खाताय," ते म्हणालं.

"अरे बाळा, ते आमच्या अंगातच राहतं," काकी म्हणाली. "वसंतात बर्फ वितळला की आम्ही मरतो. मग तुला तेच तर मिळतं."

"मरणारं कुणी इतकं खातं का?"

मुळाने वाऱ्याला गळ घातली. ऐन हिवाळ्यात वाऱ्याने उतारावरचा सगळा बर्फ उडवून दिला. उघडी माती दगडासारखी गोठली. काकीचं अख्खं बिऱ्हाड मेलं आणि मूळही गारठून निपचित पडलं. पुढे चार दिवस ऊन पडून मातीत गोठलेलं पाणी वितळलं, तेव्हा मेलेल्यांच्या अंगातला सारा कस त्या पाण्याबरोबर दरीत वाहून गेला.

वसंतात मूळ जागं झालं. त्याने चहूकडे चाचपलं, पण मातीत काहीच नव्हतं.

"काकी!" त्याने हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

एकच पिवळं पातं वर आलं आणि वाळलं. उन्हाळ्यात मेंढरं आली, त्यांनी उतार हुंगला आणि ती तशीच उपाशी पुढे गेली.